मुठीतली किल्ली

"उलटं, शालन, उलटं! फुडं तोंड करून ओलांडलंस तर येढा आनि घट्ट बसंल," तानूकाकी ओसरीवरून ओरडली.

अंगणात बैलाचं दावं आडवं टाकलं होतं. आक्का आईच्या खांद्याला धरून, पाठमोरी एकेक पाऊल टाकत ते ओलांडत होती. आठवा महिना सरत आलेला. पाय इतके सुजलेले की चपलेत अंगठासुद्धा जात नव्हता, म्हणून अनवाणीच. एक पाय मागं, जरा थांबायचं, मग दुसरा. ओलांडून झालं की वळसा घालून पुन्हा पहिल्या जागी. असं सात वेळा, रोज सकाळी, पोटात काही जायच्या आत. हा नववा दिवस होता.

मी जीपच्या बॉनेटवर बसून चहा पीत ते बघत होतो. बघत कसला, फेरे मोजत होतो. कारण हा सगळा खटाटोप माझ्यासाठी चालला होता.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि निंगेवाडी ते तालुका अशी वडाप जीप चालवायचो. नऊ माणसांच्या गाडीत एकोणीस माणसं कोंबायची, दोघं मागं लोंबकळत ठेवायचे आणि वर म्हणायचं, "सरका की जरा, अजून एक म्हातारी यायची हाय." गावात वडाप दोनच, एक माझी आणि एक शिवलिंगची. आमचे नंबर लावलेले. एक दिवस सकाळी आठची खेप त्याची आणि अकराची माझी, दुसऱ्या दिवशी उलट. स्वतःच्या गाडीचा मालक म्हणून मी गावात जरा छाती काढूनच चालायचो. वैशाखात माझं लग्न ठरलं होतं. पोरगी आक्कानंच शोधली होती. मला विचारलंसुद्धा नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, "रतन नाव हाय, तुला सरळ करंल."

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बाप लवकर गेला, आई रोजानं कामाला जायची, तेव्हा मला काखेत मारून हिंडवलं ते तिनं. माझ्यापायीच तिची शाळा तिसरीत सुटली. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. सासरी ती कशी दिवस काढत होती ते तिचं तिलाच ठाऊक. यंदा टिकलं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्यात आम्ही तिला घेऊन आलो. दाजी इचलकरंजीला मागावर कामाला, त्यांना सुट्टी म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

आता ते दावं कुठनं आलं ते सांगतो.

नऊ दिवसांआधी मी आक्काला आणि आईला तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो होतो. पोटाचा फोटो काढून झाल्यावर बाईंनी घरातल्या कुणाला तरी आत बोलवलं. आई म्हणाली, "तूच जा, मला त्यांचं बोलनं उमगत न्हाई." मी गेलो.

"तुम्ही नवरा का?"

"भाऊ. धाकटा."

"बसा. बाळ छान आहे. नाळेचा एक वेढा मानेभोवती दिसतोय, पण त्याला घाबरायचं कारण नाही. चारातल्या एका बाळाला असतो. बऱ्याचदा आपोआप सुटतोसुद्धा." बाईंनी आक्काकडे बघितलं. आक्का पदराशी चाळा करत खाली बघत होती. "मला काळजी वेगळी आहे. यांचं बी.पी. वाढलंय. पायावरची सूज मला आवडलेली नाही. गोळ्या देते, त्या चुकवायच्या नाहीत. पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी परत आणा. आणि नीट ऐका. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा छातीखाली पोटात दुखलं, तर सोमवारची वाट बघायची नाही. त्याच घडीला गाडीत घालायचं आणि इथं आणायचं. फिट येऊ शकते. आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ आहे. काय सांगितलं मी?"

"डोकं, डोळं, पोट," मी म्हणालो. "त्याच घडीला."

"शाबास. गाडी आहे ना तुमच्याकडे?"

"माझी सवताचीच हाय की, बाई," मी छाती काढून म्हणालो.

एवढं स्पष्ट. लहान पोरालाही कळावं असं. पण घरी आल्यावर माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. तानूकाकी दारातच बसलेली. ही माझी चुलती. स्वतःला मूलबाळ नाही, पण गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्माला आलेली. माझ्यावर तिचा भारी जीव. तिनं विचारलं, "काय म्हनली डाक्टरीन?" आणि मी मोठ्या ऐटीत आधी नाळेचंच सांगितलं. ते सांगायला काहीतरी नवलाचं होतं. बी.पी. काय, आकडा तो.

काकीच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "गळ्यात नाळ? शालन, दावं ओलांडलं हुतंस व्हय गं कुठं? गोठ्यात?"

आक्का घाबरली. "ओलांडलं असंल, काकी. सासरी गोठा मीच बघत हुते की."

"मंग तेच ते. दाव्याचा येढा लेकराला बसला." काकीनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "गळ्यात नाळ घालून आल्यालं लेकरू मामाच्या मुळावर येतं रं, बिरू. माज्या माहेरी गुरपाचं असंच झालं. भाचा जलमला आनि सव्वा म्हैन्यात गडी हिरीत गेला."

मग काकीनं नियम सांगितले. मामानं बाळंतिणीला न्यायचं नाही, आणायचं नाही. बाराव्या दिवसापर्यंत लेकराचं तोंड बघायचं नाही. बाराव्याला काशाच्या ताटात गोडंतेल ओतायचं आणि तेलात पडलेलं तोंड आधी बघायचं, मगच लेकराकडे नजर टाकायची. आणि वेढा सुटावा म्हणून आईनं रोज सात वेळा उलटं दावं ओलांडायचं.

"आनि बी.पी.?" मी विचारलं.

"ते शेरातल्या बसून खानाऱ्या बायकांचं. सूज म्हंजे पोरगा हाय पोटात, पानी धरतोय."

मी हसलो. पण ते हसू नुसतं ओठांवरचं होतं. दुसऱ्याच दिवशी ओढ्याच्या वळणावर माझा ब्रेक जरा उशिरा लागला, गाडी कठड्याला घासून थांबली आणि माझी पाचावर धारण बसली. त्या दिवसापासून मी आक्काच्या खोलीत जायचा बंद झालो. जेवायला बोलावलं तर म्हणायचो, "भायेरच द्या." आक्काला ते कळत होतं. दावं ओलांडायला ती माझ्याही आधी उठायला लागली.

तर तो नववा दिवस. सहा फेरे झाले. सातव्याला आक्का दाव्यापाशी आली आणि थांबली. तिनं दोन्ही हातांनी कपाळ दाबलं.

"आये, डोस्कं लई ठणकाय लागलंय गं."

"कवापासनं?" आईनं विचारलं.

"झुंजुरकं उठले तवापासनं. आनि तुजी दोन दोन तोंडं दिसत्याती."

"येवडा योक फेरा कर आनि पड जरा," काकी म्हणाली. "अर्धवट सोडू नगं."

आक्कानं तो फेरा केला. चाचपडत, उलटा पाय टाकत, तिनं सातवा फेरा पुरा केला आणि तिथंच दाव्यापलीकडे बसली.

माझ्या हातातला चहाचा ग्लास मी खाली ठेवला. डोकं, डोळं, पोट. त्याच घडीला. बाईंचा आवाज कानात जसाच्या तसा होता. मी बॉनेटवरून उडी मारली.

"आये, हिला घेऊन जाऊया. डाक्टरीनबाई म्हनल्या हुत्या."

काकी माझ्या आडवी आली. "तू न्हाई न्यायचं. आदीच सांगितलंय. शिवलिंग आठाला गेलाय, अकराला माघारी येतोय. त्याच्या गाडीतनं जाऊ आमी. दोन तासानं काय हुतंय?"

"काकी, उगं काय तरी..."

"बिरू." हा आवाज आक्काचा होता. ती डोळे मिटून बसली होती, पण बोलत होती ठामपणे. "तू नगं. तुजं लगीन व्हायचं हाय. माज्यामुळं तुला काय झालं तर मी जगून काय करू? शिवलिंग येतोय न्हवं? मी थांबते."

"मी नेतो, आक्का," मी म्हणालो.

"नगं म्हनलं न्हवं?"

मी आणखी एकदा म्हणालो. पण दुसऱ्या वेळी माझा आवाज इतका हळू निघाला की मला स्वतःलाच तो जेमतेम ऐकू आला. काकी आणि आई आक्काला धरून आत घेऊन गेल्या. मी अंगणात उभा राहिलो. तेव्हा नऊ वाजले होते.

त्या दोन तासांत मी काय केलं ते मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. पुढं सांगेन.

साडेनऊच्या सुमारास आई बाहेर आली. तिच्या हातात ओला फडका होता. "बिरू, डाक्टरीन डोस्क्याचं काय तरी म्हनली हुती न्हवं रं?"

"म्हनली हुती."

"काय म्हनली हुती?"

"दुखलं तर दाखवा म्हनली. शिवलिंग येतोयच की."

'त्याच घडीला' हे दोन शब्द मी गिळले. खोटं काहीच बोललो नाही, बघा. दोनच शब्द कमी बोललो. आई मान हलवून आत गेली. तिला माझ्यावर भरवसा होता. आत जाऊन बाईंचं बोलणं ऐकून आलेला मी एकटाच होतो.

साडेदहाला आक्काची खिडकी आतून उघडली गेली. बाहेरून मला तिचा चेहरा दिसला. सुजून तो तिचा राहिलाच नव्हता, डोळे बारीक झाले होते. ती माझ्या दिशेला बघत होती, पण नजर जरा बाजूला जात होती.

"बिरू, हितंच हायेस न्हवं?"

"हाय, आक्का. डोस्कं कसं हाय?"

"हाय तसंच. डोळ्यांवर धुकं आल्यावानी झालंय. तू दिसत न्हाईस, पर तुजा आवाज येतोय." मग ती हसली. खरंच हसली. "काय चाललंय रं तुजं भायेर? नवरी आनाय निघाल्यागत?"

"काय न्हाई," मी म्हणालो.

"आन, आन. रतनला म्हनावं, माजा भाऊ जरा भित्रा हाय, पर गुनी हाय."

खिडकी लागली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

अकरा वाजले, शिवलिंग आला नाही. सव्वाअकरा वाजले. मी रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन धुरळा दिसतो का बघून आलो. परत येतोय तोच आतून आईची किंकाळी आली.

मी आत शिरलो तेव्हा सगळे नियम गळून पडले होते. आक्का जमिनीवर होती. डोळे पांढरे झालेले, दातखीळ बसलेली, सगळं अंग झटके देत होतं आणि तोंडातून तांबडा फेस येत होता. आई तिचं डोकं धरायला बघत होती आणि तिला ते धरवत नव्हतं. काकीनं कांदा फोडून तिच्या नाकाला लावला.

"लोखंड द्या हातात! किल्ली द्या कुनी तरी, किल्ली!" काकी ओरडली.

घराला आमच्या कडीच होती, कुलूप कधी लागलंच नाही. किल्ली एकच होती आणि ती माझ्या हातात होती. काकीनं ती हिसकावली आणि आक्काच्या मुठीत कोंबली. झटक्यांत ती मूठ मिटली.

हळूहळू अंग ढिलं पडलं. आक्का घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली. "उतरलं, उतरलं," काकी म्हणाली. पण मूठ उघडेना.

आणि किल्लीशिवाय जीप सुरू होत नाही.

मी आक्कापुढं गुडघ्यावर बसलो आणि तिची बोटं एकेक करून उकलायला लागलो. सुजलेली, ताठ झालेली बोटं. लहानपणी चिंचेचा आकडा तिनं मुठीत लपवला की मी अशीच उघडायचो, आणि ती मुद्दाम दाबून धरायची. आता ती दाबून धरत नव्हती. तिला काही कळतच नव्हतं. करंगळी सोडवली, मग पुढचं बोट, मग मधलं. किल्लीचे दात तिच्या तळव्यात रुतून रक्त आलं होतं. मी किल्ली काढून घेतली तेव्हा काकी बाजूला उभी होती. मला अडवलं नाही तिनं.

आम्ही आक्काला उचलून जीपमध्ये मागं आडवी घातली. आई आत बसली, काकी पायथ्याशी. अडतीस किलोमीटर. अर्ध्या वाटेवर शिवलिंगची गाडी रस्त्याकडेला उभी दिसली, चाक काढलेलं, पॅसेंजर बाभळीखाली बसलेले. त्यानं हात केला. मी थांबलो नाही. पुढच्या गावाच्या वेशीपाशी दुसरी फिट आली. मागं आई एकसारखं म्हणत होती, "हळू चालव, हळू चालव," आणि लगेच, "बिगी बिगी चालव रं, बिगी बिगी."

डॉक्टरीणबाईंनी आक्काला बघितलं आणि एका शब्दानंही कुणाला विचारलं नाही. स्ट्रेचर, सुई, नळी, आत. दार बंद झालं. आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. काकीच्या हातात अजून अर्धा कांदा होता.

दुपारी दोनच्या पुढं बाई बाहेर आल्या. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती.

"मुलगी आहे. लहान आहे, पण रडली. जगेल असं वाटतंय." त्यांनी हातातल्या टोपीची घडी घातली. "आईचं मला सांगता येत नाही. डोक्यात रक्तस्राव झालाय. शुद्ध नाही."

आता मी काय विचारलं ते सांगतो. माझ्या तोंडातून आधी काय निघालं ते. आक्का वाचेल का, हे मी विचारलं नाही.

मी विचारलं, "बाई, गळ्यात नाळ हुती काय?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला आजही ती नजर पुरती सांगता येणार नाही. रागाची नव्हती ती.

"नव्हती," त्या म्हणाल्या. "सुटली होती आधीच. मी तुम्हाला सांगितलं होतं, सुटते म्हणून."

काकीनं हात जोडून कपाळाला लावले. मग बाईंनी टेबलावरचा कागद ओढला. "डोकं कधीपासून दुखत होतं?"

"आत्ता, अकराच्या पुढं," मी म्हणालो.

"आणि अंधारी?"

"तवाच."

"आणायला इतका उशीर का झाला?"

आई माझ्याकडे बघत होती. काकी जमिनीकडे.

"गाडी मिळाली न्हाई," मी म्हणालो.

बाईंनी पेन थांबवलं. क्षणभर वाटलं, आता म्हणतील, तुमची स्वतःची आहे ना? म्हणाल्या नाहीत. वाहन न मिळाल्याने उशीर, असं त्यांनी कागदावर लिहिलं. आईनं पदर तोंडात घातला आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आक्का गेली. बरोबर नऊला.

दाजी इचलकरंजीहून आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. गाडी मिळाली नाही. शिवलिंगचं चाक पंक्चर झालं. गाव म्हणालं, आमच्या गावाला रस्ता नाही, दवाखाना नाही, गाडी नाही, बाया मरायच्या नाहीत तर काय. बोलता बोलता तेच खरं झालं. आई पुढं अकरा वर्षं जगली, तिनं एकदाही ते खोडलं नाही. माझ्या हातचं जेवली, माझ्या मांडीवर गेली, पण त्या दिवसाबद्दल माझ्याशी चकार शब्द काढला नाही.

बाराव्याला काकीनं काशाचं ताट मागवलं. "नाळ सुटली तरी रीत करून घ्या. बघा, उलटं दावं ओलांडलं म्हनून सुटली. शालननं भावाला वाचवला." बाया डोळे पुसत माना डोलवत होत्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, पण ते सांगायला तोंड कुणाचं होतं? माझं तर नव्हतंच. ताटात तेल ओतलं, काकीनं लेकराला वर धरलं आणि मी वाकलो. तेलात आधी मला माझंच तोंड दिसलं. ते सरकवायला मी मान बाजूला केली, तेव्हा कुठं ती एवढीशी मुठी आवळलेली पोरगी दिसली.

दाजींनी वर्षभरात दुसरं लग्न केलं. मी काही त्यांना नावं ठेवत नाही. पोरगी आमच्याकडेच राहिली. रतन लग्न करून आली ती थेट आईच झाली. नाव ऋतुजा ठेवलं. जीप मी त्याच साली विकली आणि तालुक्याला पत्र्याच्या दुकानात कामाला लागलो. लोकांना वाटलं, बहिणीच्या दुःखानं गाडीवरचं मन उडालं. चांगलंच वाटायचं लोकांना माझ्याबद्दल.

परवापर्यंत.

ऋतुजा आता पंचवीसची आहे. शाळेत शिकवते. सातव्या महिन्यात आम्ही तिला बाळंतपणाला माहेरी आणलं. तिचं माहेर म्हणजे आमचंच घर. मी बी.पी. बघायचं यंत्र विकत आणलंय. दंडाला पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. वहीत आकडा लिहून ठेवायचा. पोरगी वैतागते. "मामा, डॉक्टरसुद्धा इतक्या वेळा बघत नाहीत. माझा दंड दुखायला लागला. तूच लावून घे एकदा, तुझंच वाढलेलं असेल."

परवा सकाळी ती माळ्यावरची ट्रंक उपसून बसली होती. मी पट्टा बांधला, बटण दाबलं. पट्टा फुगत होता, तेवढ्यात तिनं एक फोटो माझ्यापुढं धरला. डोहाळजेवणाचा. हिरवी साडी, फुलांची वाडी ल्यालेली आक्का जीपच्या बॉनेटला टेकून उभी आहे आणि शेजारी मी, छाती काढून.

"ही गाडी कुणाची?" तिनं विचारलं.

"माजीच. वडाप हुती."

"कधीची ही? माझ्या वेळची?"

"व्हय."

पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत होती. आकडा आला. एकशे अठरा, शहात्तर. मी तो वहीत लिहिला.

"मग आईला न्यायला गाडी मिळाली नाही म्हणतात सगळे," ऋतुजा फोटोकडेच बघत म्हणाली. तिच्या आवाजात संशय नव्हता. सरळ विचारत होती ती, लहानपणापासून सगळं मलाच विचारायची तसं. "त्या दिवशी तुझी गाडी कुठं होती, मामा?"

रतन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिलाही मी कधी सांगितलेलं नव्हतं. मी ऋतुजाच्या दंडाचा पट्टा सोडवला, नीट गुंडाळला, यंत्राच्या खोक्यात ठेवला. आता आणखी काही करायला उरलं नव्हतं.

"दारात हुती," मी म्हणालो. "चांगली हुती. किल्ली माज्या हातात हुती. तुजी आई आत तळमळत हुती, आनि मी दोन तास भायेर गाडी धूत हुतो."